कुर्डूची वाडी : १९५० च्या दशकातील एका नकाशावरचे रेल्वेगाव

#धागा

१/
मुंबई-सोलापूर मार्गाने प्रवास करणाऱ्या माणसाला कुर्डुवाडी हे नाव ठाऊक असते. ते मुख्यतः फलाटावरची पाटी म्हणून. गाडी थांबते, चहा येतो, गाडी सुटते. या धाग्यात त्या पाटीमागच्या वस्तीविषयी लिहितो आहे. साधन एकच आहे : १९५० च्या दशकात छापलेला एक स्थलनिर्देशक नकाशा. नकाशा काय सांगतो, हे आधी पाहू; तो काय सांगू शकत नाही, हे नंतर. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
नकाशाचा क्रमांक एन-ई ४३-७. मालिका यू-५०२, प्रमाण १ : २,५०,०००. प्रकाशक अमेरिकी लष्कराची नकाशा-संस्था, म्हणजे आर्मी मॅप सर्व्हिस. सोलापूर जिल्ह्यातील एका वाडीचा नकाशा वॉशिंग्टनमध्ये का छापला जावा? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ही संस्था स्थापन झाली आणि युद्धानंतर तिने आशियाच्या मोठ्या भागाचे मध्यम प्रमाणाचे नकाशे तयार केले. भारत-पाकिस्तानसाठीची मालिका ती यू-५०२. तिचा मूळ आधार मात्र इथलाच होता : भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंचास एक मैल प्रमाणाचे नकाशे.

३/
आपल्याकडे तपशीलवार टोपोशीट सामान्य अभ्यासकाच्या हाती पडणे दीर्घकाळ दुरापास्त होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि पुढे २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती वाट बरीच मोकळी केली. त्याआधीच टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने यू-५०२ मालिका संगणकीय स्वरूपात सर्वांसाठी खुली ठेवली होती. परिणामी महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्याचा पहिला तपशीलवार नकाशा अमेरिकेच्या वाटेने भेटला. मलाही तो तसाच भेटला.

४/
क्रमांकाचा अर्थ लावणे सोपे आहे आणि एकदा कळले की कोणत्याही गावाचा नकाशा शोधता येतो. ‘एन’ म्हणजे उत्तर गोलार्ध. ‘ई’ म्हणजे विषुववृत्तापासून चार-चार अंशांचा पाचवा पट्टा, अर्थात १६ ते २० उत्तर अक्षांश. ४३ म्हणजे ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा उभा पट्टा. या चौकटीचे सोळा तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एक अंश उंच आणि दीड अंश रुंद. डावीकडून उजवीकडे मोजत गेल्यास सातवा तुकडा १८ ते १९ अक्षांश आणि ७५ ते ७६.५ रेखांश यांमध्ये येतो. भारतीय सर्वेक्षणाच्या पद्धतीत कुर्डुवाडीचा एक इंची नकाशा ४७ एन/८ आणि बार्शीचा ४७ एन/१२.

५/
या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. कुर्डुवाडी नकाशाच्या खालच्या कडेपासून जेमतेम चार सेंटिमीटर वर सापडते. तिथून बार्शी सरळ रेषेत सुमारे तेरा सेंटिमीटर ईशान्येकडे. दक्षिणेस पंढरपूरकडे निघालेले रूळ थोड्याच अंतरावर कागदाची कड ओलांडून पुढच्या नकाशावर, ४३-११ वर, जातात. पूर्वेकडे लातूर उजव्या कडेच्या अगदी पलीकडे, ४३-८ वर आहे. एकाच छोट्या रेल्वेचा सगळा प्रवास पाहायचा तर तीनाहून अधिक नकाशे शेजारी ठेवावे लागतात.

६/
आता नावाकडे. कुर्डू हे जुने गाव. माढा तालुक्यातील, गावठाण असलेले. कुर्डुवाडी ही नावाप्रमाणेच त्याची वाडी. आज चित्र उलटे आहे : वाडीत नगरपरिषद आहे आणि मूळ गावात ग्रामपंचायत. वाडीने गावाला मागे टाकावे, असे जे काही घडले, ते रुळांमुळे. पण ते पहिल्या रुळांमुळे घडले नाही. दुसऱ्या रुळांमुळे घडले. हा फरक महत्त्वाचा आहे.

७/
पहिले रूळ ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे, म्हणजे जीआयपीचे. पुण्याहून आग्नेयेस निघालेला हा मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. त्या मार्गावरच्या या स्थानकाचे नाव होते ‘बार्शी रोड’. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, श्रीगोंदा रोड ही नावे आठवावीत. ‘रोड’ या शेपटाचा अर्थ असा की गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो. म्हणजे स्थानकाला स्वतःचे नावसुद्धा नव्हते. दुसऱ्याच्या गावाची ती पायरी होती.

८/
बार्शी ही त्या काळची मोठी बाजारपेठ. कापूस आणि गळिताची धान्ये यांची. बालाघाटावरचा आणि त्यापलीकडच्या निजामी मुलखातला माल बैलगाड्यांनी बार्शीत उतरे, आणि तिथून पुन्हा बैलगाड्यांनीच बार्शी रोड गाठे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की बाजारभाव आणि बंदरावरचा भाव यांचा मेळ तुटे. या बैलगाड्यांच्या रांगांकडे एका माणसाचे लक्ष गेले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत भारतात आला होता.

९/
कॅलथ्रॉपच्या आग्रहातून १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली. रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचे तत्त्व साधे होते : इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. भार अनेक आसांवर सारखा वाटला की यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळही मोठी गाडी पेलतात. हलके रूळ म्हणजे कमी खर्च, आणि कमी खर्च म्हणजे जिथे मोठी रेल्वे कधीच आली नसती तिथे रेल्वे. गाड्यांची चाचणी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा सुमारे २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. दख्खनमधल्या मोठ्या दुष्काळाचे ते वर्ष.

१०/
एक आडवाट. याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे बार्शीच्याच नमुन्यावर उभारली. ती १९०४ ते १९३४ अशी तीस वर्षे चालली. नंतर त्याने ‘गार्डियन एंजल’ नावाचे हवाई छत्र तयार केले. ‘तंत्रज्ञान नेहमी तिकडून इकडे येते’ असे आपण सहज म्हणून जातो. या बाबतीत प्रयोग आधी बार्शीला झाला आणि अनुकरण नंतर इंग्लंडात.

११/
पुढचे टप्पे : १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी सुमारे २०० मैल. आता नकाशावर कुर्डुवाडीचा ठिपका पाहिला तर तो केवळ थांबा उरलेला नाही. वायव्येकडून पुण्याचे, आग्नेयेकडे सोलापूरचे, ईशान्येकडे बार्शी-लातूरचे, दक्षिणेस पंढरपूर-मिरजेचे रूळ : चार दिशांच्या रेषा एका ठिकाणी येऊन मिळतात. कंपनीचा कारखानाही इथेच उभा राहिला. वाडी आता जंक्शन झाली होती.

१२/
पण जंक्शन हा शब्द फसवा आहे. रेषा मिळतात, रूळ मिळत नाहीत. एका बाजूला १६७६ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ७६२. बार्शीहून आलेली वाघीण मुंबईच्या रुळांवर चढू शकत नव्हती. त्यामुळे कापसाची प्रत्येक गाठ, शेंगांचे प्रत्येक पोते, परतीच्या वाटेवरचा प्रत्येक मिठाचा आणि कापडाचा डाग इथे हाताने उतरवून, पाठीवर घेऊन, दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. नकाशावर जिथे दोन रेषा एकमेकींना टेकलेल्या दिसतात, तिथे प्रत्यक्षात माणसांच्या पाठी होत्या.

१३/
कुर्डुवाडीची वस्ती वाढली ती या फरकातून. गाडी बदलणारा उतारू थांबतो, म्हणून खाणावळ आणि धर्मशाळा. माल बदलायचा, म्हणून हमाल, मुकादम, कारकून. इंजिने दुरुस्त करायची, म्हणून फिटर, लोहार, बॉयलरवाले. आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट धरणारे लोक मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीची वाट पाहत, म्हणून फुले, बुक्का, केळी. दोन मापांमध्ये ९१४ मिलिमीटरांचे अंतर होते. त्या अंतरात एक गाव मावले.

१४/
माझे पणजोबा त्या पाठींपैकी एक. निजामी हद्दीतल्या कोरडवाहू गावातून ते तरुणपणी इथे आले आणि मालधक्क्यावर हमाली करू लागले. नेमणूक कंत्राटदाराकडे, हजेरी मुकादमाच्या वहीत, झोपडी रुळांलगत. ही हकिकत घरात सांगितली जाते. ती कोणत्याही कागदावर नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, म्हणून ही उणीव मला कुतूहलाची वाटावी. पण आमच्या घरात ती कुतूहलाची बाब कधीच नव्हती. तिचे कारण पुढे येईल.

१५/
आधी सीमेविषयी. या नकाशाच्या काळात मुंबई आणि हैदराबाद ही दोन वेगळी राज्ये होती, त्यामुळे त्यांची सीमा या कागदावरून वळणे घेत जाते. आज ती सीमा पूर्णपणे महाराष्ट्राच्या पोटात गेली आहे. सप्टेंबर १९४८ पूर्वी ती दोन राजवटींची सीमा होती. बार्शीत चालणारा रुपया ‘कलदार’, लातुरातला ‘हाली’. पलीकडे निजामाचे जकात खाते, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘करोडगिरी’. लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची अडीच फुटी गाडी इंग्रजी मुलखातून निघून निजामी मुलखात जाई आणि एकाच प्रवासात उतारूच्या कनवटीचा पैसा परका होई.

१६/
हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत सीमेच्या अलीकडची गावे कार्यकर्त्यांची आणि निर्वासितांची आश्रयस्थाने बनली. नकाशावरची तुटक रेघ तेव्हा लोकांच्या दृष्टीने जीव वाचण्याची रेघ होती. १९५० मध्ये एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या गावांची राज्याराज्यांत अदलाबदल झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत ही रेघ राजवटींची होती ती राज्यांची झाली, आणि शेवटी जिल्ह्यांची.

१७/
इथे नकाशा वाचण्याचा एक नियम सांगतो. प्रत्येक स्थलनिर्देशक नकाशाला तीन वये असतात : सर्वेक्षण केव्हा झाले, संकलन केव्हा झाले, छपाई केव्हा झाली. डोंगर आणि नदी या तीनही तारखांना बहुधा सारखीच असते. रस्ता, सीमा आणि वस्ती मात्र नसते. म्हणून ‘१९५० च्या दशकातील नकाशा’ म्हणजे त्या दशकाचे छायाचित्र नव्हे. कागदावरची एखादी वाडी तिच्या छपाईच्या वर्षी दुपटीने वाढलेली असेल किंवा उठून गेलेली असेल. समासातील टीप आधी वाचावी, मग मधला भाग.

१८/
डोंगरांचे बोलायचे तर बार्शीच्या पुढे येडशीकडे पाहावे. समोच्च रेषा अचानक दाट होतात. हा बालाघाटाचा चढ. अडीच फुटी रूळ तिथे वळणे घेत वर चढतात आणि पठारावर पोहोचल्यावर तेर-ढोकीच्या बाजूस लागतात. तेर म्हणजे प्राचीन तगर. ही ओळख फ्लीटने विसाव्या शतकाच्या आरंभी पटवून दिली. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. कॅलथ्रॉपने पाहिलेल्या बैलगाड्यांची रांग अशी अठराशे वर्षे मागे पोहोचते.

१९/
पश्चिमेकडे नजर टाकली तर भीमा दिसते. निळी, बारीक, दोन्ही काठांवर गावांची माळ घेऊन. आज त्याच जागी उजनीचा विस्तीर्ण जलाशय आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि काठची गावे पाण्याखाली गेली. विस्थापितांच्या नातवंडांना आपले जुने गाव कुठे होते हे दाखवायचे असेल, तर असे नकाशे हाच एक सोपा पुरावा. ठिपका तरी आहे. बोट ठेवता येते.

२०/
आता नकाशा काय सांगू शकत नाही याकडे वळू. १ : २,५०,००० या प्रमाणात अर्धा किलोमीटर लांबीची वस्ती दोन मिलिमीटर होते. त्या दोन मिलिमीटरांत साहेबांचा बंगला, बाबूंची घरे, कामगारांच्या चाळी आणि रुळांपलीकडच्या झोपड्या असे सारे मिळून एकच चिन्ह येते. कोण कुठे राहत असे, कोणाच्या नळाला पाणी येई, हे त्या चिन्हात विरघळून जाते. नकाशाकाराला त्याचा दोष देता येत नाही. प्रमाणच तसे आहे. पण वाचणाऱ्याने ते विसरू नये.

२१/
रेल्वेच्या कामात जात कशी काम करी, हे दुसऱ्या साधनांतून कळते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली; अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच परिषदेतली. त्यांनी एक अगदी बारीक व्यवहारही दाखवून दिला : अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून घेतला जातो, पोर्टर म्हणून नाही; कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते. रूळ सगळ्यांना सारखेच वाहून नेत. रुळांवरची नोकरी तशी नव्हती.

२२/
१ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. त्याआधी, ५ नोव्हेंबर १९५१ ला, जीआयपीची मध्य रेल्वे झाली होती. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत संपते. कुर्डुवाडीच्या घरांत त्या ओळीचा अर्थ मोठा होता. माझे आजोबा काही वर्षांनी कारखान्यात खलाशी म्हणून लागले तेव्हा त्यांना सेवापुस्तिका मिळाली. वडिलांचे नाव मुकादमाच्या वहीत होते. मुलाचे नाव सरकारच्या वहीत आले. एका पिढीच्या अंतराने आमचे घर कागदावर उतरले.

२३/
मग अडचण कसली? महाराष्ट्रात अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र घ्यायचे तर १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले घराणे या राज्यात राहत होते, याचा पुरावा मागतात. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. गावात जमीन असलेल्याला सातबारा असतो, वतन असलेल्याला जुने फेरफार असतात. रुळांलगतच्या झोपडीला काय असते? सेवापुस्तिका त्या तारखेनंतरची. वही मुकादमाबरोबर गेलेली. अर्जातल्या ‘मूळ गाव’ या रकान्यापुढे आमच्या घरात दरवेळी शांतता पसरे.

२४/
माझ्या वेळी एका कार्यालयात मी या नकाशाची छापील प्रतही कागदपत्रांत जोडली होती. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी ती सौजन्याने परत केली. “गाव होतं हे दिसतंय. तुम्ही होतात हे कुठे दिसतंय?” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. इतिहासाच्या वर्गात साधनचिकित्सेवर दोन वर्षे जे शिकलो, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

२५/
पुरावा अखेर प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळाला. १९४५ साल. आजोबांचे नाव, त्यापुढे जात, वडिलांचा धंदा ‘हमाली’, आणि राहण्याच्या ठिकाणी एकच शब्द : ‘स्टेशन’. कुर्डू नाही, कुर्डुवाडी नाही, बार्शी रोडही नाही. त्या मास्तरांना हा मुलगा कुठल्या गावचा, असा प्रश्न पडलाच नसावा. तो स्टेशनचा होता. पणजोबांविषयी आमच्याकडे असलेला लेखी शब्द तेवढाच : हमाली. माझे शिक्षण त्या एका ओळीच्या आधाराने चालू आहे.

२६/
या नोंदीमुळे नकाशाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. नकाशा जागेची साक्ष देतो आणि रजिस्टर माणसाची. एकाच्या अभावी दुसरे अपुरे पडते. ‘स्टेशन’ हा शब्द नुसता वाचला तर त्यातून काही कळत नाही. पण तो नकाशावर ठेवला, चार दिशांचे रूळ आणि दोन मापांमधला फरक डोळ्यांसमोर आणला, की हमाली हा धंदा तिथेच का होता, निजामी गावातला माणूस तिथेच का आला आणि रुळांलगतच का राहिला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

२७/
अडीच फुटी रूळ आता नाहीत. पंढरपूरचा मार्ग २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रुंद झाला, लातूरचा २००८ पर्यंत, मिरजेचा त्यानंतर. पांगरी ते येडशी हा जुना मार्ग सोडून नवे रूळ धाराशिव शहरापर्यंत वळवून नेले. जे जिल्ह्याचे ठिकाण जुन्या रेल्वेने बाजूला ठेवले होते, त्याला शंभर वर्षांनी स्थानक मिळाले. माल आता बदलावा लागत नाही. धक्क्यावरची हमाली संपली, आणि ती संपली याचे दुःख आमच्या घरात कोणालाही नाही. आजोबा म्हणत, पाठ मोकळी झाली.

२८/
एप्रिल २०१६. लातुरात पिण्याचे पाणी संपले. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली : पहिल्या खेपेला १० टँकर, प्रत्येकात ५० हजार लिटर. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. नकाशे शेजारी ठेवून पाहावे, हा मार्ग म्हणजे मुळातली बार्शी लाइट रेल्वेच आहे. पठारावरचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेल्या वाटेने पठारावर पाणी आले. रूळ एकमापी झाले होते, म्हणून कुर्डुवाडीला ते पाणी कोणाला उतरवून पुन्हा चढवावे लागले नाही.

२९/
आपल्याकडे गावाचा इतिहास बहुधा पांढरी-काळी, गावठाण, वतने, ग्रामदैवत यांच्या आधारे लिहिला जातो. मनमाड, दौंड, भुसावळ, इगतपुरी, कुर्डुवाडी यांसारख्या वस्त्या त्या चौकटीत नीट बसत नाहीत. तिथे लोक आले ते वतनावर नव्हे, पाळीवर. त्यांचे दप्तर पाटलाच्या घरी नाही. ते शाळांच्या रजिस्टरांत, सेवापुस्तिकांत, दवाखान्यांच्या वह्यांत, कामगार संघटनांच्या पावत्यांत विखुरले आहे. त्यातले बरेचसे आज रद्दीत जात आहे. हे कागद म्हणजे कोणाच्या तरी शिष्यवृत्तीचा, प्रवेशाचा, नोकरीचा आधार असतो, हे ठाऊक असलेले लोक ते टाकत नाहीत. बाकीच्यांनी टाकण्यापूर्वी एकदा विचार करावा.

३०/
शेवटी एक विनंती. आपल्या घरात रेल्वेच्या मालधक्क्यावर, गँगमध्ये किंवा कारखान्यात काम केलेले कोणी असेल, तर त्यांच्या काळातला कोणताही कागद, अगदी पगाराची चिठ्ठी किंवा पासाचा तुकडासुद्धा, त्याचे छायाचित्र काढून जपून ठेवा. मग वर दिलेल्या रीतीने आपल्या गावाचा नकाशा-क्रमांक काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. काय सापडले ते खाली लिहिलेत तर वाचायला आवडेल. दौंड-मनमाड मार्गावरच्या कोणी लिहिल्यास विशेष आनंद होईल; पुढचा धागा त्याच मार्गावर आहे.